माफ करणं म्हणजे विसरणं नव्हे

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात नवरा-बायकोचं भांडण चार सोयरे ओसरीवर बसून मिटवतात. "झालं गेलं विसर, माफ कर अन् नांदायला जा." चहा होतो, मंडळी वावरात जातात. समुपदेशनातली माफीही अशीच असते, हा समज चुकीचा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांच्या पद्धतीत सुरुवातच मनातला राग कबूल करण्यापासून होते (आपल्याकडे तोच आधी गिळायला लावतात!). माफी आणि पुन्हा एकत्र नांदणं, या तिथं दोन वेगळ्या गोष्टी. समानुभूतीचंही, म्हणजे दुसऱ्याच्या जागी राहून त्याचं मन समजून घेण्याचंही, तेच: समजून घेणं वेगळं, सोसणं वेगळं. कपाशी बुडाल्यावर नवरा का चिडला हे समजून घ्यावं. त्यानं उगारलेला हात का सोसावा? मारहाण असेल तर आधी सुरक्षितता. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.