घोड्याचा घाम आणि माणसाचा घाम

लांब पल्ल्यात माणूस घोड्याला मागे टाकतो, असं हल्ली छातीठोकपणे सांगितलं जातं. वेल्समधल्या लानुर्टिड वेल्स गावी 1980 पासून माणूस विरुद्ध घोडा अशी सुमारे 35 किमीची शर्यत होते. धावणारा माणूस तिथे पहिल्यांदा जिंकला तो 2004 साली: ह्यू लॉब, 2 तास 5 मिनिटं. कॅलिफोर्नियातल्या डोंगरांत 160 किमीच्या दोन वेगळ्या शर्यती, एक घोड्यांची आणि एक माणसांची, जवळपास एकाच वाटेवर होतात; तिथे घोड्याचा विक्रम पावणेअकरा तासांचा, माणसाचा 14 तास 9 मिनिटांचा. घोड्याच्या तपासणीसाठीच्या सक्तीच्या थांब्यांचे तास मिळवले तरी तोच पुढे, तोही पाठीवर स्वार घेऊन!

माणसाचं पारडं जड होतं ते उकाड्यात. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो, घोडा मात्र आपल्यासारखाच घामाने. म्हणूनच दोघांचे घाम सारखे समजले जातात.

पण पहिला फरक घाम वाळवणाऱ्या कातडीचा. 70 किलोच्या माणसाला ती 1.8 चौरस मीटर, 500 किलोच्या घोड्याला 5 च्या आसपास. किलोमागे निम्म्याहून कमी. कडक उन्हात घोडा तासाला 10 ते 15 लिटर घाम गाळतो, पण बराचसा जमिनीवर ठिबकतो, आणि न वाळलेला घाम अंग गार करत नाही.

खरी मेख खारटपणात आहे. माणसाचा घाम रक्तापेक्षा फिका. पाणी जास्त जातं, रक्त खारट होतं, तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतका किंवा किंचित जास्तच खारट. मीठ आणि पाणी बरोबरीने गेल्यामुळे तहान जागीच होत नाही. दमलेला घोडा ओढ्याला तोंड लावत नाही आणि नवखा स्वार म्हणतो, तहान नसेल. अशा वेळी इलेक्ट्रोलाइट, म्हणजे घामातून गेलेले क्षार, द्यावे लागतात, पण घोडा पाणी पीत असेल तरच. नुसतं मीठ पोटात गेलं तर ते अंगातलं पाणी आतड्यात ओढून घेतं. माणसाची चूक नेमकी उलटी: शर्यतीच्या वाटेवर पाण्याच्या दर टेबलापाशी साधं पाणी ढोसणं. रक्तातलं सोडियम (मिठाचा अंश) उतरतं, मळमळतं, डोकं दुखतं, बोलणं बरळल्यासारखं होतं. त्याला उष्माघात समजून आणखी पाणी पाजलं तर जिवावर बेततं.

थांब्यावर घोड्याचे ठोके मिनिटाला 64 पर्यंत उतरल्याशिवाय पशुवैद्य सहसा पुढे सोडत नाहीत. हिरडी दाबून सोडली की 2 सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. तोवर मानेवर आणि छातीवर गार पाणी, निथळायची वाट न पाहता, ओतत राहायचं.