वॉर्डातला ‘बेवडा’ आणि तिसरी रात्र

मुंबईतल्या मोठ्या पालिका रुग्णालयांच्या ऑर्थो वॉर्डात हा पेशंट हमखास भेटतो. मांडीचं हाड मोडून आलेला. पहिला दिवस ठीक जातो. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. तिसऱ्या रात्री तो चादरीवरचे न दिसणारे किडे झटकू लागतो, सलाईन उपटतो, मोडक्या पायानिशी पलंगावरून उतरू पाहतो. वॉर्डबॉय ‘मामां’ना बोलावून त्याचे हात बांधले जातात आणि कुणीतरी म्हणतं, “बेवडा आहे, नाटकं करतोय.”

या ‘नाटकात’ माणूस दगावू शकतो. दारू मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम वाढवते आणि चेतवणाऱ्या ‘ग्लुटामेट’ला दाबून ठेवते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल राखण्यासाठी उलट दिशेने जोर लावायला शिकतो. दारू एकाएकी बंद झाली की दाब निघून जातो, जोर मात्र तसाच उरतो. मग पहिल्या 6 ते 24 तासांत थरथर, बहुतेकदा 48 तासांच्या आत फिट, आणि काहींना 48 ते 96 तासांत डिलिरियम ट्रेमेन्स: भ्रम, ताप, धावणारी नाडी. लोराझेपाम किंवा डायझेपामसारखं औषध आणि थायमिनचं, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन वेळेवर मिळालं, तर बहुतेक जण यातून बाहेर पडतात.

हे वेळेवर व्हायचं तर दाखल करतानाच कुणीतरी शांतपणे विचारायला हवं, “काका, शेवटची कधी घेतली होती? रोज किती लागते? बंद केल्यावर कधी फिट आली होती का?” ज्याला आल्याआल्या टोमणा ऐकावा लागला, तो “कधीतरी घेतो” एवढंच सांगतो. मग कुठल्या रात्री सावध राहायचं, हे कुणालाच कळत नाही. तुच्छतेची किंमत इतकी थेट मोजावी लागते.

2013 मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी 28 अभ्यास एकत्र तपासले. व्यसनाधीन रुग्णांबद्दल आरोग्य कर्मचाऱ्यांचं मत सर्रास नकारात्मक आढळलं. यात सिस्टरांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. दारू सुटलेला माणूस वॉर्डात परत येत नाही. पुन्हा प्यायलेला मात्र तिसऱ्यांदा येतो. रोज तोच दिसला तर ‘हे सुधारत नाहीत’ असं वाटणारच. पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन या संशोधकांनी 1984 मध्ये डॉक्टरांच्या अशाच दृष्टिभ्रमाबद्दल लिहिलं होतं.

जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंगला व्यसनाधीनता शिकवतात, पण तो धडा मानसिक आरोग्याच्या विषयात येतो आणि हा पेशंट येतो ऑर्थोत, सर्जरीत, मेडिसिनमध्ये. 1970 च्या दशकात लंडनमध्ये झालेल्या अभ्यासातून दिसलं, की अशा रुग्णांना टाळण्यामागे ‘मला हे जमेल का, हे माझं काम आहे का, अडले तर मदत कोण करेल’ हे प्रश्न असतात. नुसत्या व्याख्यानाने ना तो दृष्टिभ्रम जातो, ना तिसरा प्रश्न सुटतो. म्हणून विद्यार्थिनींना अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडण्यासाठी एकमेकांना साथ देणाऱ्यांच्या गटाच्या खुल्या सभेला न्यावं. वर्षानुवर्षं न प्यायलेली माणसं तिथे समोर बसलेली दिसतात. आणि वॉर्डात लक्षणांना गुण देणारा ‘सिवा’ तक्ता असावा. किती गुणांना डॉक्टरांना उठवायचं, हे आधीच ठरलेलं असावं, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरला फोन करताना बिचकावं लागणार नाही.