कुलपाचे चिन्ह म्हणजे प्रामाणिकपणाची हमी नव्हे

घरदुरुस्ती, साफसफाई किंवा रंगकामासाठी ऑनलाइन आगाऊ पैसे भरताना, पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसले की संकेतस्थळ विश्वासार्ह, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. आपला ब्राउझर आणि पलीकडचा सर्व्हर यांच्यातील माहिती वाटेत कोणाला वाचता येत नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पलीकडे कोण बसले आहे, याविषयी ते काहीही बोलत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या लेट्स एन्क्रिप्टसारख्या सेवेकडून, हे कुलूप दिसण्यासाठी संकेतस्थळाला लागणारे डिजिटल प्रमाणपत्र काही मिनिटांत विनामूल्य मिळते, आणि ते भामट्यालाही मिळते. (पैसे चोराच्या हाती सुखरूप पोहोचतात, एवढाच काय तो लाभ!) हाच गैरसमज लक्षात घेऊन गूगलने २०२३ मध्ये क्रोममधील कुलपाच्या जागी दुसरे चिन्ह आणले.

मग तपासायचे काय? डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे इंटरनेटवरील नाव, कधी नोंदवले गेले, हे 'हूइज' या डोमेन-नोंदणीच्या शोधात बहुधा दिसते; 'वीस वर्षांचा अनुभव' मिरवणाऱ्याचे डोमेन तीन आठवड्यांपूर्वीचे निघाले, तर आधी त्याचे स्पष्टीकरण मागावे. कामाचे फोटो इमेज सर्चमध्ये टाकून पाहावेत. तेच स्वयंपाकघर चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या पानांवर झळकताना सापडू शकते. लेखी अंदाजपत्रक देण्यास टाळाटाळ करून संपूर्ण रक्कम आधीच, तीही एखाद्या व्यक्तीच्या खासगी खात्यावर मागितली जात असेल, तर पुढील चौकशीचीही गरज उरत नाही.