‘कीबोर्डवर चालते’ : हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि स्क्रीन रीडर यांची पार्श्वभूमी

विंडोजच्या आधी, डॉस या संगणक-प्रणालीच्या काळात पडदा 80 रकान्यांचा आणि 25 ओळींचा असे. त्यावरचे प्रत्येक अक्षर संगणकाच्या स्मृतीत अक्षर म्हणूनच साठवलेले असे आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर दृष्टिहीनांना आवाजात वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, ते तिथून थेट उचलून वाचत असे. किर्दीतली नोंद डोळ्यांनी पाहणारा आणि कानांनी ऐकणारा, दोघांच्या हाती एकच मजकूर येत होता. त्यासाठी लागणारी साधने आपल्याकडे फार थोड्यांना परवडत, ही गोष्ट वेगळी.

विंडोज आल्यावर अक्षरांची चित्रे झाली. 1995 मध्ये विंडोजसाठी आलेल्या जॉजसारख्या स्क्रीन रीडरला पडद्यावर काय रंगवले जात आहे हे मधल्या मध्ये टिपून, त्यावरून मजकुराचा अंदाज बांधावा लागे. 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टने यासाठी एक ठरावीक व्यवस्था दिली. तिच्यामुळे साधी बटणे आणि चौकटी आपले नाव व स्थिती स्वतः सांगू लागल्या. मात्र ज्या सॉफ्टवेअरने आपला सगळा पडदा स्वतःच रंगवला आणि या व्यवस्थेला काहीच कळवले नाही, ते मुकेच राहिले.

इथे ‘कीबोर्डवर चालते’ या शब्दांनी मोठा घोटाळा केला. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्याला एफ 5 म्हणजे पेमेंट, एफ 6 म्हणजे रिसीट, एफ 8 म्हणजे सेल्स हे झोपेतही सांगता येते. माउसला हात न लावता दिवसभराची व्हाउचर टाकणारे लेखनिक आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यामुळे कीबोर्डवर चालणारे सॉफ्टवेअर अंध व्यक्तीलाही चालणारच, असे अनेकांनी धरून चालले. पण कीबोर्ड हा आत जाण्याचा मार्ग आहे आणि आवाज हा बाहेर येण्याचा. लेजरचे, म्हणजे खात्याचे, नाव टाइप करता येते. यादीतले नेमके कोणते नाव निवडले गेले, ‘जोशी ट्रेडर्स’ की ‘जोशी ट्रेडिंग’, हे ऐकू आले नाही तर नोंद भलत्याच खात्यावर पडते आणि तेरीज (जमा-नावेच्या बेरजांचा ताळा) तरीही जुळते. चूक उघडकीस येते ती पार्टीचा फोन आल्यावर. कीबोर्डची सोय हीच सुगमता (दिव्यांगांनाही वापरता येणे) मानल्यामुळे आवाजाची मागणी वर्षानुवर्षे मागे पडली, असे माझे स्पष्ट मत आहे.

या उणिवेवर विशिष्ट सॉफ्टवेअरसाठी वेगळ्या स्क्रिप्ट, म्हणजे त्यातले काय कसे वाचायचे हे स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या सूचना, लिहिण्याचा तोडगा निघाला. त्याने अनेकांच्या नोकऱ्या टिकल्या, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही सॉफ्टवेअरची मांडणी बदलली की स्क्रिप्ट निकामी होण्याची भीती असे, आणि दुरुस्तीचा भार मूळ उत्पादकाऐवजी वापरणाऱ्याच्या बाजूला येई. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या मोफत एनव्हीडीएमुळे स्क्रीन रीडरच्या किमतीचा अडसर दूर झाला, सॉफ्टवेअरच्या मुकेपणाचा नाही.

मजकूर वाचला गेला तरी हिशेब कळतोच असे नाही. लेख्यांमध्ये उणे रक्कम कंसात दाखवण्याची रीत आहे, आणि एनव्हीडीएच्या मूळ मांडणीत विरामचिन्हांच्या ज्या पातळीवर वाचन होते तिथे कंस उच्चारला जात नाही. (5,000) ही तूट कानाला सरळ पाच हजार शिल्लक वाटते. विरामचिन्हांची पातळी वाढवली की कंस ऐकू येतो, पण मग प्रत्येक ओळीत चिन्हांची इतकी गर्दी होते की रक्कमच निसटते.

2017 पासून घटना वेगाने घडल्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 रोजी लागू झाला आणि 1 जुलैला जीएसटी आला. विवरणपत्रांच्या ठरलेल्या तारखांमुळे वहीत लिहून ठेवून ‘नंतर कोणाकडून तरी चढवून घेऊ’ ही जुनी सोय अवघड झाली. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांना प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारेच लेखा-सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक झाले. एक्सेल स्क्रीन रीडरवर चांगले बोलते म्हणून त्यात हिशेब ठेवणाऱ्या दृष्टिहीन लेखापालाचा तो आसराही कंपनीच्या कामापुरता संपला. त्याच वर्षी मे महिन्यात सुगमतेचे आयएस 17802 हे भारतीय मानक दिव्यांग हक्कांच्या नियमांत समाविष्ट झाले. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. तो खटला ई-केवायसीचा, म्हणजे ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवण्याच्या प्रक्रियेचा, होता. खासगी पेढीतल्या टेबलावरचे लेखा-सॉफ्टवेअर हा त्याचा विषय नव्हता.