पुढच्या पिढीचे मोबाइल जाळे आणि कारखान्यांच्या स्पेक्ट्रमचा रखडलेला निर्णय

मोबाइल जाळ्याच्या सहाव्या पिढीची आंतरराष्ट्रीय चौकट नोव्हेंबर 2023 मध्ये मान्य झाली. तिच्यावर आधारलेली सेवा 2030 च्या सुमारास सुरू होईल, असे धरून जगभर काम चालू आहे. भारताने त्याच वर्षी मार्चमध्ये आपले दृष्टिपत्र जाहीर केले होते. सोलापूरसारख्या यंत्रमागाच्या शहरासाठी मात्र फोनचा वेग हा यातला दुय्यम मुद्दा आहे. कारखान्याच्या आवारापुरते स्वतःचे जाळे उभारण्यासाठी स्पेक्ट्रम, म्हणजे बिनतारी संदेश वाहणाऱ्या रेडिओ लहरींचे पट्टे, कोणाला मिळणार, हा प्रश्न पाचव्या पिढीतच अडकला असून तो न सुटताच पुढच्या पिढीकडे जाण्याची चिन्हे आहेत.

31 जुलै 1995 रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्या दरम्यान देशातील पहिला मोबाइल संवाद झाला. 1999 च्या धोरणाने ठरावीक परवाना शुल्काऐवजी महसुलातील वाटा घेण्याची पद्धत आणली. फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 122 परवाने रद्द केल्यानंतर स्पेक्ट्रम लिलावानेच द्यायचा, ही भूमिका घट्ट झाली. पुढच्या वादाचे मूळ या निकालात आहे.

पाचव्या पिढीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत माणसांच्या बोलण्याइतकेच यंत्रांच्या जोडणीलाही महत्त्व मिळाले. रेडिओ जोडणीतील विलंब एक मिलिसेकंदापर्यंत खाली आणणे आणि एका चौरस किलोमीटरमध्ये दहा लाख उपकरणे सामावणे, ही उद्दिष्टे त्यांत होती. हे सामर्थ्य कारखान्यात आणण्यासाठी जून 2022 मध्ये केंद्राने खासगी जाळ्यांना परवानगी दिली. मोबाइल कंपनीने आपल्या सार्वजनिक जाळ्याचा एक भाग कारखान्यासाठी राखून द्यावा, कंपनीनेच तिथे स्वतंत्र जाळे उभारून द्यावे, कारखान्याने कंपनीकडून स्पेक्ट्रम भाडेपट्ट्याने घ्यावा किंवा तो थेट सरकारकडून मिळवावा, असे चार मार्ग ठेवण्यात आले. खरा वाद चौथ्या मार्गावर झाला. आम्ही लिलावात पैसे मोजायचे आणि इतरांना त्याच लहरी लिलावाशिवाय मिळायच्या, मग मोठ्या उद्योगांकडून होणारी आमची मिळकतच जाईल, असा मोबाइल कंपन्यांचा आक्षेप होता. त्याच पावसाळ्यात सुमारे दीड लाख कोटी रुपयांचा लिलाव झाल्याने त्याला वजनही होते. उद्योगांची बाजू अशी, की आवाराच्या भिंतीबाहेर न जाणाऱ्या, जनतेला न विकल्या जाणाऱ्या सेवेला देशव्यापी व्यवसायाचे माप लावणे चुकीचे आहे. जर्मनीने 2019 मध्येच 3.7 ते 3.8 गिगाहर्ट्झ हा पट्टा अशा स्थानिक वापरासाठी राखून ठेवला आणि त्याचे शुल्क पट्ट्याची रुंदी, मुदत व क्षेत्रफळ यांवरून ठरवले. आपल्याकडे ऑगस्ट 2022 मध्ये मागणीची चाचपणी सुरू झाली, तेव्हा शंभर कोटी रुपयांपेक्षा अधिक नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) असलेल्या उद्योगांनाच त्यात बोलावले गेले. थेट वाटप त्यानंतरही लांबतच गेले.

शंभर कोटींच्या या अटीकडे चर्चेत पुरेसे लक्ष दिले गेले नाही, असे माझे मत आहे. सोलापूरची चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, पण तो माल विणणारे बहुसंख्य कारखानदार या मर्यादेच्या आसपासही पोहोचत नाहीत. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत किंवा शहराच्या पूर्व भागात पत्र्याच्या शेडमध्ये माग ओळीने लागलेले असतात. लोखंडी सांगाडा आणि पत्रा यांमुळे बाहेरच्या टॉवरची लहर आत क्षीण होते आणि वारंवारिता जितकी जास्त तितकी ही अडचण वाढते. जॅकार्ड या मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेसाठी पूर्वी पुठ्ठ्याची छिद्रे पाडलेली कार्डे गुंफून मागावर चढवत. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले तिथे नक्षीची फाइल पेन ड्राइव्हवरून मागापर्यंत नेता येते. धागा तुटून माग किती वेळ थांबला, पाळीत किती मीटर विणून झाले, याचा हिशेब नव्या मागांचे नियंत्रक ठेवू शकतात. पण तो एकत्र येण्यासाठी शेडच्या आत भरवशाची जोडणी लागते. साध्या वायफायवर काही ठिकाणी भागते, मात्र ते परवान्याशिवाय कोणालाही वापरता येणाऱ्या खुल्या पट्ट्यात चालत असल्याने शेजारच्या उपकरणांचा अडथळा होणार नाही, याची हमी तिथे नसते.

सहाव्या पिढीच्या चौकटीत विलंबाचे संशोधन-उद्दिष्ट 0.1 ते 1 मिलिसेकंद ठेवले आहे, उपकरणांची घनता चौरस किलोमीटरला दहा कोटींपर्यंत नेण्याचा विचार आहे आणि रेडिओ लहरींनीच आसपासच्या वस्तूंची जागा व हालचाल टिपण्याची क्षमता नव्याने समाविष्ट झाली आहे. 4.4 ते 4.8, 7.125 ते 8.4 आणि 14.8 ते 15.35 गिगाहर्ट्झ या पट्ट्यांचा अभ्यास 2027 च्या जागतिक रेडिओ परिषदेसाठी सुरू आहे. मात्र मोबाइलसाठी निश्चित होणाऱ्या पट्ट्यांपैकी काही भाग स्थानिक वापराला राखायचा की सगळाच लिलावात काढायचा, हे प्रत्येक देशाच्या सरकारने ठरवायचे असते. आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये संमत झालेल्या दूरसंचार कायद्याने लिलाव हा सर्वसाधारण नियम ठेवून अपवादांची यादी परिशिष्टात दिली आहे. राखीव भाग ठेवायचे ठरले, तर त्यासाठी लहान कारखानदारांना एकत्रितपणे अर्ज करू द्यावा, किंवा वसाहतीलाच एक आवार मानून परवाना द्यावा, ही मागणी सोलापूरच्या यंत्रमागधारकांनी पट्टे ठरण्यापूर्वीच लेखी मांडली पाहिजे.