सात टक्के प्रोसेसर आणि आउटरला उभी गाडी

"सर, प्रोसेसर तर सातच टक्के चालतोय. मग मशीन अडकलंय कशानं?"

जळगावात प्रॅक्टिकलच्या तासाला एका विद्यार्थिनीनं हे विचारलं. 4 जीबी रॅमचं जुनं मशीन, ब्राउझरचे वीसेक टॅब, वर जावाचा प्रोजेक्ट उघडलेला. माउसचा बाण ढकलल्याशिवाय हलेना. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर 7 टक्के आणि डिस्क 100 टक्के.

भुसावळला नेहमी येणाऱ्याजाणाऱ्याला हे कोडं पडू नये. इंजिन दमदार असतं, डबे धड असतात आणि गाडी स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला उभी असते. प्रोसेसरचंही तेच झालेलं. तो दमला नव्हता, खोळंबला होता.

किती खोळंबला होता, ते पाहण्यासारखं आहे. 3 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला 300 कोटी ठोके टाकतो. हा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून एक ठोका म्हणजे एक सेकंद धरू. आता हिवाळ्यातली यावलकडची भरीत पार्टी आठवा. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजून झालीत, आचारी ठेचायला बसलाय. हा आपला प्रोसेसर. त्याच्या मुठीतली मिरची म्हणजे रजिस्टर, प्रोसेसरच्या आतलीच इवलीशी जागा; ती लगेच वापरता येते. पुढ्यातल्या थाळीतला लसूण म्हणजे कॅशे, प्रोसेसरलगतची छोटी, वेगवान स्मृती; तो चार-पाच सेकंदांत हाती येतो. थाळीत नसलेली कोथिंबीर वाड्यातून आणायची, तो रॅम. चार-पाच मिनिटं लागतात. आणि हार्ड डिस्क? सुमारे 11 महिने. आज डिस्ककडे मागणी टाकून केळीची लागवड केली, तर घड उतरवायच्या सुमाराला माल हाती पडेल.

हे अतिशयोक्तीनं सांगत नाही. डिस्कमध्ये खरीखुरी चकती फिरते. मिनिटाला 7,200 फेरे म्हटलं, तरी एका फेऱ्याला 8 मिलिसेकंद जातात, शिवाय वाचणारा दांडा योग्य जागी सरकायला हवा. विजेच्या वेगाच्या कामात मध्येच लोखंड हलवायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? एसएसडीत, म्हणजे चिपांवर माल साठवणाऱ्या डिस्कमध्ये, हलणारं काही नसतं, म्हणून तिथं हेच 11 महिने तीन-चार दिवसांवर येतात. तरी दिवसच.

वाड्यात पाठवलेलं पोरगं एक मिरची घेऊन परत येत नाही, मूठभर आणतं. कॅशेही तेच करते: एक बाइट मागितला तरी शेजारच्यांसकट साधारण 64 बाइट उचलून आणते. सी भाषेत तक्त्याची एकेक ओळ सलग ठेवलेली असते. म्हणून मोठा तक्ता ओळीनं वाचला तर प्रोग्राम पळतो आणि तोच स्तंभानं वाचला तर रखडतो. बेरीज तीच, उत्तर तेच. परीक्षेत हे कोणी विचारत नाही; विचारायला हवं.

इथवर आर्किटेक्चर, म्हणजे यंत्राची रचना झाली. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे या पार्टीचा यजमान. प्रत्येक प्रोग्रामला तो सांगतो, "सगळी जागा तुझीच." ही थाप नवी नाही. मँचेस्टरच्या अ‍ॅटलस संगणकानं 1962 मध्येच 16,384 शब्दांच्या ('शब्द' म्हणजे इथं स्मृती मोजायचं एकक) मुख्य स्मृतीमागे 98,304 शब्दांचं फिरतं ड्रम जोडून दोन्ही मिळून एकच मोठी स्मृती असल्याचं भासवलं होतं. आज आपल्या मशीनवर यजमान बहुधा 4 केबीच्या पानांत, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्यांत, माल मांडतो. लागलेलं पान रॅममध्ये नसेल तर त्या प्रोग्रामला झोपवतो, डिस्ककडे माणूस धाडतो आणि तेवढ्यात आचाऱ्याला दुसऱ्याचं काम देतो. एरवी हे इतकं सफाईनं चालतं, की आपल्याला पत्ताही लागत नाही.

बिघडतं ते सगळेच एकदम मागायला लागले आणि रॅम अपुरी पडली की. ब्राउझरचं पान आणायला जावाचं पान बाहेर काढायचं. पुढच्याच क्षणी जावाला तेच हवं, म्हणून ब्राउझरचं बाहेर. नुसते हेलपाटे. 1968 मध्ये पीटर डेनिंग यांनी या दशेवर लिहिलेल्या निबंधामुळे 'थ्रॅशिंग' हा शब्द रूढ झाला. मला विचाराल तर 'हेलपाटे' जास्त नेमका आहे. त्या काळच्या यंत्रणांची एक गंमत होती. प्रोसेसर रिकामा दिसला की त्या आणखी प्रोग्राम आत घ्यायच्या. आचारी बसून आहे ना, मग बोलवा अजून पंगत! साहजिकच हेलपाटे वाढायचे आणि आचारी आणखीच रिकामा दिसायचा.

त्या मशीनला आम्ही 4 जीबीची आणखी एक पट्टी लावली. तेच टॅब, तोच प्रोजेक्ट. बाण सरसर फिरायला लागला, कोड कंपाइल व्हायला लागला. ती मात्र टास्क मॅनेजरकडे बघत धास्तावली.

"सर, बिघडलं काहीतरी. प्रोसेसर आता साठ टक्क्यांवर गेलाय!"