केस जिंकली, तर खर्च कोण देणार?

"साहेब, जिंकलो तर वकिलाची फी समोरच्याकडून निघेल ना?" नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांमधून हा प्रश्न इतक्यांदा येतो, की एकदाचं लिहूनच काढलं. आम्ही वकील नाही, हिशेब आणि आरओसीची, म्हणजे कंपनी निबंधकाकडची, कामं करतो. पण खर्च मागायची वेळ येते तेव्हा लागणारे कागद आमच्याच कपाटात असतात.

आधी दावा कुठल्या कायद्याखाली आहे ते बघा. मालाची उधारी, भागीदारी किंवा भागधारकांच्या करारावरून झालेला वाद ३ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल, तर त्याला २०१५ चा व्यापारी न्यायालय कायदा लागतो. तिथला सर्वसाधारण नियम असा, की हरलेल्यानं जिंकलेल्याचा खर्च द्यायचा. कोर्टाला वेगळा आदेश करायचा असेल तर कारणं लेखी द्यावी लागतात. या खर्चात वकिलाची फी, साक्षीदारांचा खर्च, बाकीचा खर्च असं सगळं येतं, मात्र वाजवी असेल तेवढंच. मुंबईहून मोठा वकील आणला म्हणून त्याचं अख्खं बिल वसूल होईल, असं धरून चालू नका. इतर दिवाणी दाव्यांत तर हाती फारच थोडं लागतं. खोट्या दाव्याबद्दल मिळणाऱ्या भरपाईची मर्यादा तिथे अजूनही ३,००० रुपये आहे. तेवढ्यात हल्ली एका तारखेचं जेवणखाणही भागत नाही.

निकालाइतकंच कोर्ट तुमचं वागणंही बघतं, आणि आमच्या लोकांची चूक नेमकी इथे होते. समजा, तुमचे १८ लाख येणं आहे. समोरचा १५ लाख लगेच द्यायला तयार होता. तुम्ही रागाच्या भरात "एक रुपया सोडणार नाही" म्हणालात. चार वर्षांनी निकाल लागला १४ लाखांचा. कागदावर तुम्ही जिंकलात, पण वाजवी प्रस्ताव विनाकारण धुडकावला का, हे खर्च ठरवताना कायद्यानंच बघायला सांगितलंय. अर्धवट यश आणि उगाच लावलेला प्रतिदावाही बघितला जातो.

तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर व्यापारी न्यायालयातल्या दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि तिची फी दोघांनी निम्मी-निम्मी भरायची असते. मध्यस्थाच्या खोलीतलं बोलणं गोपनीय असतं, ते पुढे कोर्टात सांगता येत नाही. त्यामुळे तडजोडीची तयारी दाखवायची असेल तर वेगळं पत्र द्या, आणि ते खर्चाच्या मुद्द्यावर कोर्टापुढे ठेवता येईल अशा शब्दांत वकिलाकडून लिहून घ्या.

तारखा मागत राहणंही महागात पडतं. तारखेपोटी लावलेला खर्च पुढच्या तारखेला भरला नाही, तर भरेपर्यंत तुमचा दावा किंवा बचाव पुढे चालवता येत नाही. आणि एकदा भरलेला हा खर्च पुढे जिंकलात तरी हुकूमनाम्यात धरला जात नाही.

भावाभावांच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीतलं भांडण वेगळं. अन्याय आणि गैरव्यवस्थापनाचा अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे मुंबईला जातो. पंचवटी एक्स्प्रेसच्या खेपा आल्याच. कंपनी कायद्याच्या कलम २४२ नुसार योग्य वाटेल तो खर्च लावायचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. इथे आमची एकच कळकळीची विनंती: स्वतःच्या वकिलाची फी कंपनीच्या चेकनं देऊ नका. भांडण तुमचं आणि पैसे कंपनीचे, हे दिसलं की गैरव्यवस्थापनाचा आणखी एक आरोप तुम्हीच हातानं लिहून दिल्यासारखं होतं. अशा नोंदी मार्चअखेर आमच्यासमोर येतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मालाच्या खरेदी ऑर्डरच्या मागे बारीक अक्षरांत "लवादाचा सगळा खर्च पुरवठादाराचा" असं छापलेलं पाहून घाबरू नका. निकाल काहीही लागला तरी खर्च अमक्यानंच द्यायचा, असा करार वाद उभा राहण्याआधी केलेला असेल तर लवाद कायद्याच्या कलम ३१अ प्रमाणे तो चालत नाही. वाद झाल्यावर केला तरच चालतो. म्हणून भांडण सुरू झाल्यावर समोरून सहीला आलेला कागद मात्र दोनदा वाचा.

प्रत्येक दाव्याची वेगळी फाइल ठेवा: फीची बिलं, बँकेतून दिल्याची नोंद, प्रवासाची तिकिटं, तडजोडीची पत्रं पोचेसह. रोखीनं, पावतीशिवाय दिलेली फी कोर्टापुढे मांडायची कशी, याचं उत्तर आमच्याकडेही नाही.